डबीआक्कांची चिमूट

खलाशांच्या घरात त्या वर्षी एक गोष्ट कानोकानी फिरली. डबीआक्कांनी खारटबुवांना मारलं. भांडून नव्हे म्हणे, जळून. बुवांनी नाही म्हटलं, म्हणून. कशाला नाही म्हटलं, हे सांगणाऱ्याने सांगायचं नाही आणि ऐकणाऱ्याने विचारायचं नाही, भुवई तेवढी वर करायची. पुरावा होता. भांडीवालीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर आक्कांनी कमरेची डबी उघडली, मागे वळून कुणी बघतंय का ते पाहिलं आणि एकट्या बुवांच्या ताटात चिमूटभर काहीतरी टाकलं. तिसऱ्या दिवशी बुवा गेले. आता दोन आणि दोन किती होतात, हे मोजायला काय शाळेत जायला हवं?

भांडीवालीचे डोळे चांगले होते. जीभ त्याहून चांगली होती. पण तिला एकटीला दोष देणंही बरं नव्हे. बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही असं ज्यांनी पहिल्यांदा म्हटलं, त्यांनी बेचाळीस निवृत्त खलाशी एका छपराखाली पाहिलेले नसणार. या मंडळींनी आयुष्यभर पाण्याखेरीज काही पाहिलं नव्हतं, म्हणून जमिनीवर आल्यावर एकमेकांच्या खोल्या पाहायचे. बंदराच्या मागच्या रस्त्यावरची ती तीन मजली इमारत. कमरेइतका हिरवा रंग, वर चुना, फिनेल आणि तंबाखूचा एकत्र वास. एका खोलीत दोन खाटा, दोन ट्रंका, एक खिडकी. ज्यांना मागे-पुढे कुणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, ते इथे राहायचे. जेवणाची घंटा दोनदा व्हायची, बाराला आणि दीडला, कारण जेवणघरात एका वेळी बावीसच माणसं मावत. बाकी दिवसभर कुणाला काही काम नव्हतं. अशा जागी सकाळी शिंक आली तर संध्याकाळपर्यंत तिचा क्षय होतो.

आणि आक्का अशा, की त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवू नये. बुटक्या, रुंद, केस घट्ट फडक्यात बांधलेले, आणि कमरेला सुतळीने बांधलेली एक पत्र्याची डबी. डबी त्यांच्या नवऱ्याची, तंबाखूची. नवरा गोदीत पोती वाहायचा. तो गेला तेव्हा मागे ठेवून जाण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं. आक्कांनी ती सात वेळा सोड्याने घासली, उन्हात ठेवली आणि तिच्यात लवंग, दालचिनी, मिरी आणि वाळवलेल्या ओव्याच्या पानांची पूड भरली. तेव्हापासून ती डबी त्यांच्या अंगाचा भाग झाली होती. अंघोळीला तरी काढता का हो आक्का, असं एकदा एका बोलभांड खलाशाने विचारलं होतं. आक्का म्हणाल्या, तुम्ही अंघोळ कधी करता ते आधी कळू दे, मग माझं सांगते.

हसण्यावारी नेण्यासारखी ती डबी नव्हती. तिच्यामागे एक पोर होतं.

आक्कांना लग्नानंतर दोन मुलं झाली, मुलगा आणि त्याच्या पाठीवरची मुलगी. बाजारामागच्या चाळीत एक खोली होती. एका कडक उन्हाळ्यात आदल्या दिवशीचा मटणाचा रस्सा उरला होता. मटण काही रोज मिळणारी चीज नव्हती. आक्कांनी वास घेऊन पाहिला, ठीक होता. स्टोव्हमध्ये रॉकेल तळाला लागलेलं, म्हणून रस्सा उकळला नाही, नुसता कोमट केला. स्वतः कोरडा पाव चावला, आणि तो रस्सा, त्यातला चांगला तुकडा शोधून, चार वर्षांच्या मुलाला भरवला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मूल संपलं होतं. सासू उंबऱ्यात बसली होती. तिने काही आकांत केला नाही. शेजारणी जमल्यावर एवढंच म्हणाली, "आईच्या हातचं खाऊन गेलं पोर." शिवी दिली असती तर विसरता आली असती. हे वाक्य खरं होतं, म्हणून राहिलं.

आक्कांची आई भेटायला आली तेव्हा लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली.  म्हातारी म्हणाली, रश्श्यात लवंग-दालचिनी नव्हती ना, म्हणून नासला. मसाल्यातलं नासत नाही. आमच्यात कधी कुणाला काही झालं नाही, ते त्यामुळेच. खरं सांगायचं तर बुडत्या लेकीच्या हाती काहीतरी द्यायचं म्हणून आईने जे हाताला लागलं ते दिलं. लेकीने ते असं धरलं की पुढे पस्तीस वर्षं सोडलं नाही. एकच गोष्ट आता आयुष्यात उरली होती: आपल्या हातचं खाऊन पुन्हा कुणी पडू नये. दुसऱ्यांना घर हवं असतं, मान हवा असतो. आक्कांना एवढंच हवं होतं, आणि ते मिळत होतं.

खलाशांच्या घरच्या स्वयंपाकघरात त्यांची एकोणीस वर्षं झाली. दोन मोठ्या शेगड्या, जस्ताचा पत्रा ठोकलेलं लांब टेबल, गटाराच्या बाजूला खिडकी. आक्का कोपरापर्यंत हात धुवायच्या. मांस कापायची सुरी भाजीला लावायच्या नाहीत. उरलेलं अन्न पुन्हा ताटात येऊ द्यायच्या नाहीत. भांडीवाली हळहळायची तर म्हणायच्या, तुझ्या जिवापेक्षा हे शिळं महाग आहे का गं. रस्सा सकाळी नऊला शिजवायच्या, पूड कांद्याबरोबरच टाकून तासभर रटरटवायच्या, आणि दोन्ही पंगतींच्या आधी पातेलं पुन्हा खळखळ उकळायच्या. एकोणीस वर्षांत बेचाळीस म्हाताऱ्यांपैकी कुणी छातीने गेलं, कुणी जिन्यावरून पडून गेलं, एकजण तर पत्ते खेळताना हातात चांगली पानं असताना गेला. पोटाने कुणी गेलं नाही. व्यवस्थापकाने एकदा पाहुण्यांपुढे आक्कांचं कौतुक केलं, तेव्हा आक्कांनी डबीवर टिचकी मारली. श्रेय सगळं डबीचं. साबणाचं आणि उकळीचं नाव त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. माणसाला आपले खरे राखणदार ओळखू येत नाहीत, त्यातलाच प्रकार.

खारटबुवा आले ते सहा वर्षांपूर्वी. एकतीस वर्षं जहाजांवर स्वयंपाकी होते. पहिल्याच दिवशी पहिला घास घेऊन म्हणाले, मीठ कमी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आक्कांनी मिठाची अख्खी बरणी त्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवली, त्यांनी चव घेतली आणि म्हणाले, मीठही आळणीच आहे. नाव पडायला आणखी काय लागतं. उंच, वाळका, एका बाजूला किंचित कललेला माणूस. अर्धं पोट डॉक्टरांनी कापून काढलेलं, उरलेल्या अर्ध्यावर त्यांचा संसार. कसलंही जड खाल्लं की दोन दिवस अंथरूण. म्हणून आक्का त्यांचं वेगळं बघायच्या, बटाटा जास्त मऊ, मांसाचा तुकडा बारीक.

बुवा स्वयंपाकघराच्या दारात उपड्या खोक्यावर बसून बटाटे सोलायचे. सांगितलं नव्हतं कुणी. आक्का म्हणायच्या, साल काढताय की बटाटा काढून साल ठेवताय. बुवा म्हणायचे, जहाजावर माझ्या हाताखाली चार माणसं होती. आक्का म्हणायच्या, म्हणूनच जहाजं बुडतात. हे रोज. दीडच्या पंगतीत सगळ्यांत शेवटी बुवा जेवायला बसायचे, कारण त्यांचं होईपर्यंत आक्काही स्वतःचं ताट घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या. मध्ये दहा हात लाकूड. तेवढ्या लाकडावरून लोकांनी काय काय नेलं-आणलं, विचारू नका.

मागणी घातली होती का? घरातल्या चाळीस जणांना खात्री होती की घातली होती, आणि कुणी कुणाला घातली यावर दोन तट होते. प्रत्यक्षात एकदाच, बुवांच्या खोलीतले सोबती वारले तेव्हा, बुवा बटाट्याकडे बघत म्हणाले होते की दुसरी खाट रिकामी झालीय. आक्का म्हणाल्या, मग बटाट्याची पोती तिथे ठेवू या, इथे ओल येते. दोघंही हसले नाहीत. त्याच्यापुढे गोष्ट गेली नाही, आणि मागेही गेली नाही.

ओल येत होती हे मात्र खरं. कोठीच्या भिंतीतून पाणी झिरपायचं, आणि मिऱ्यांचं पोतं दरवर्षी तळाशी ओलं व्हायचं. आक्का दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ती मिरी गच्चीवर जुन्या चादरीवर पसरायच्या, तीन दिवस ऊन द्यायच्या. गच्चीवर कबुतरं असायची. कबुतरं कुठल्या गच्चीवर नसतात? आक्का संध्याकाळी चादर झटकायच्या, मिरी चाळणीने चाळायच्या, काही दिसलं तर वेचून टाकायच्या, मग खलबत्त्यात कुटायच्या. उन्हाने सगळं मरतं, असं त्यांची आई म्हणायची. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं.

बदललं ते एका बोलण्याने. उन्हाळ्याच्या सुरुवातीची सकाळ होती, रस्सा रटरटत होता, खिडकीबाहेर लवंगेचा वास गेला होता आणि रस्त्यावरचा फळवाला नाक वर करून उभा होता. बुवांनी ते पाहिलं.

"अहो आक्का, पूड तुम्ही पातेल्यात टाकता आणि खातं गटार," बुवा म्हणाले. "तासभर उकळल्यावर तिच्यात राम तो काय राहणार?"

"तुमच्या जहाजावर काय करायचे मग?"

"रस्सा खाली उतरवायचा. कोमट झाला की वरून भुरभुरायची, झाकण लावायचं, आणि पुन्हा आगीवर चढवायचं नाही. औषध कधी कुणी शिजवून खाल्लंय?"

 दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आक्कांनी उलथन्याने उत्तर दिलं असतं. पण हा माणूस एकतीस वर्षं पातेल्यापाशी उभा राहिलेला, आणि बोलणंही मनाला पटण्यासारखं. डबीत जर जीव राखायची ताकद असेल, तर ती ताकद आपण इतकी वर्षं खिडकीतून घालवली, हा विचार त्यांना रात्रंदिवस कुरतडू लागला. बुवा एक गोष्ट सांगायला विसरले. जहाजावर पातेलं उतरलं की दहा मिनिटांत रिकामं व्हायचं. इथे दहाला उतरलेलं पातेलं दीड वाजता वाढलं जायचं.

चार-पाच दिवसांनी आक्कांनी पद्धत बदलली. रस्सा उतरवला, झाकण अर्धवट ठेवून कोमट होऊ दिला, डबीतली पूड वरून घातली, ढवळला, झाकला. दोन्ही पंगतींआधीची उकळी बंद केली; वास उडू नये म्हणून. त्या दिवशी बुवांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, आज मीठ बरोबर आहे. सहा वर्षांत पहिल्यांदा. आक्का त्या दुपारी भांडीवालीवर एकदाही खेकसल्या नाहीत, त्यावरून काय ते समजा.

पुढे तीन आठवडे काही झालं नाही, कारण तेव्हा डबीत गेल्या वर्षीची पूड होती, आणि ती नशिबाने चांगली निघाली. मग ती संपली, आणि गच्चीवरून उतरलेली नवी मिरी कुटून डबीत आली.

त्या दिवशी उकाडा असा होता की जस्ताच्या टेबलाला हात लावला तर चटका बसे. मटणाचा रस्सा, उकडलेले बटाटे, पाव. बाराची पंगत झाली, दीडची झाली. दुसऱ्या सकाळी पहिल्या मजल्यावरच्या शौचालयापुढे रांग लागली आणि आठ वाजेपर्यंत ती रांग जमिनीवर बसली होती. ताप, ओकाऱ्या, पोटात पिळवटून येणारी कळ. एकूण सतरा. त्यातले पंधरा दीडच्या पंगतीचे. आक्का बादल्या उचलत होत्या, तोंडं पुसत होत्या, साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजत होत्या, आणि एकाही म्हाताऱ्याच्या नजरेला नजर देत नव्हत्या. बुवांची खोली तिसऱ्या मजल्यावर. तिथे त्या तीनदा गेल्या. तिसऱ्या वेळी बुवांनी डोळे उघडले. ओठ फुटले होते.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "लोक म्हणतील, स्वयंपाकी असून खाण्याने आडवा झाला."

आक्कांनी पाण्याचा चमचा त्यांच्या ओठाला लावला. ते अर्ध्या पोटात राहिलं नाही. दुपारी पाच जणांना इस्पितळात नेलं, त्यात बुवा होते. चौघं परत आले. बुवांचं शरीर मुळातच उधारीवर चाललेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, इस्पितळात भेटायची वेळ सुरू व्हायला दहा मिनिटं असताना, ते गेले. आक्का बाहेरच्या बाकावर डब्यात मऊ भात घेऊन बसल्या होत्या. परिचारिकेने येऊन सांगितलं. आक्कांनी विचारलं, हा भात आता कुणाला द्यायचा का.  मग स्वतःच नको म्हटलं, डबा गटारात रिकामा केला आणि बाहेरच्या नळाखाली घासून स्वच्छ धुतला.

आरोग्य खात्याची तपासनीस बाई त्याआधीच येऊन गेली होती. किडकिडीत, सर्दी झालेली, हातात बाटल्यांची पेटी. तिने पाणी घेतलं, दूध घेतलं, मटणवाल्याकडचा तुकडा घेतला, पातेल्याच्या तळचं खरवडून घेतलं, आक्कांच्या नखांखालचं घेतलं. शेवटी डबीकडे बोट केलं. आक्कांनी सुतळी सोडायला जरा वेळ लावला. हे कशाला, त्या म्हणाल्या, हे तर औषध आहे. तपासनीस बाई म्हणाली, असू दे, औषधही बघू. मग ती कोठीत आणि गच्चीवरही जाऊन आली.

नऊ दिवस लागले कागद यायला. त्या नऊ दिवसांत घराने काय काय ठरवलं, त्याची यादी करायची नाही. मटणवाल्याचं नाव झालं, नळाच्या पाण्याचं झालं, व्यवस्थापकाच्या मेव्हण्याचं झालं, जो त्या गावात नव्हताच. आक्कांनी मनाशी मटणवाल्याला धरलं होतं. मटणवाल्याने काहीतरी केलं असणार, आणि डबी होती म्हणून सतरावर निभावलं, नाहीतर बेचाळीस गेले असते. हा विचार त्या दिवसभर हातात धरून होत्या, आणि दर थोड्या वेळाने तो घट्ट आहे ना ते पाहत होत्या.

दहाव्या दिवशी तपासनीस बाई आली. व्यवस्थापकाच्या खोलीत आक्कांना बोलावलं. दाराशी भांडीवाली फरशी पुसत होती. ती फरशी त्या दिवशी चार वेळा पुसली गेली. बाईने कागद उघडला आणि समजेल अशा भाषेत सांगितलं. पाणी चांगलं, मटण चांगलं, आक्कांचे हात चांगले. आजाऱ्यांच्या पोटात जो जंतू निघाला, तोच डबीत निघाला. कोठीतल्या नुसत्या लवंगेत नाही, दालचिनीत नाही. मिऱ्यांत. आणि तोच गच्चीवरच्या चादरीवर, कबुतरांच्या विष्ठेत.

 आक्का म्हणाल्या, पण मसाल्याने अन्न नासत नाही.

बाईने नाक पुसलं. ती काही क्रूर नव्हती, तिला नुसती घाई होती. ती म्हणाली, तुमचं सगळंच चूक नाही. लवंग, दालचिनी, ओवा, लसूण यांत जंतूंना थोपवायचा गुण आहे, तो आम्हीही मानतो. पण चिमूटभर पुडीने पातेलंभर रस्सा राखला जात नाही. तेवढी घालायची तर रस्सा तोंडात धरवणार नाही. आणि मसाला म्हणजे शेवटी जमिनीवर वाळवलेली वस्तू, तिच्या अंगाला धूळ असते, पाखरांची घाण असते. उन्हाने ती जात नाही, चाळणीने जात नाही. उकळीने जाते.

"पूड कधी घालता?" तिने विचारलं. "शिजायला टाकताना, की शेवटी?"

"शेवटी."

"पहिल्यापासून?"

"नाही. या उन्हाळ्यापासून."

बाईने मान हलवली. म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं डबी तुमच्या पातेल्याला सांभाळत नव्हती. पातेल्यातली उकळी डबीला सांभाळत होती. हे ती कुणाला टोचावं म्हणून बोलली नाही. पण आक्कांनी हात आपोआप कमरेकडे नेला आणि तिथे सुतळीचं टोक तेवढं सापडलं.

"पद्धत का बदलली?" बाईने विचारलं. "कुणी सांगितलं होतं?"

व्यवस्थापकाचं पेन कागदावर थांबलं. दारातलं फडकंही थांबलं. आक्कांना एक नाव घ्यायचं होतं, एवढंच. नाव घेतलं असतं तर ओझं अर्धं झालं असतं, आणि मेलेल्याला काय, त्याला कुठे कुणाला तोंड दाखवायचंय. पण आक्का या घराला ओळखत होत्या. तासाभरात तिन्ही मजल्यांवर झालं असतं की खारट्याने स्वतःच्या हाताने स्वतःला खाल्लं आणि सोबत सोळा जणांना लोळवलं. एकतीस वर्षं मिरवलेली ती एकच गोष्ट, की मी स्वयंपाकी होतो, तीही त्याच्या मागून लोकांनी उपटून फेकली असती.

"कुणी नाही," आक्का म्हणाल्या. "माझीच अक्कल."

पेन चालू झालं. बाईने आणखी एकच विचारलं: बुवांच्या पोटातले जंतू इतरांपेक्षा फार जास्त होते, त्यांनी काही वेगळं खाल्लं होतं का. आक्का म्हणाल्या, नाही, माझ्याच हातचं खाल्लं. हे वाक्य भांडीवालीने दारातून उचललं, आणि वाढलेल्या ताटांचं जे तिने पाहिलं होतं त्याच्याशी जोडलं. मग काय, आयतं सरपण मिळाल्यावर चूल पेटायला कितीसा उशीर.

आक्कांना कुणी काढून टाकलं नाही. व्यवस्थापक भला माणूस होता आणि दुसरी बाई मिळेपर्यंत तर फारच भला होता. त्यांना तळमजल्यावरच्या धुलाईखोलीत घातलं, चादरी आणि उशांच्या खोळी. कढत पाण्याचे हौद, सोडा, भिंतीवरून ओघळणारी वाफ. आक्का आता प्रत्येक चादर दोनदा उकळायच्या. काही म्हातारे येता-जाता थांबून बोलायचे, काही भिंतीच्या कडेने जायचे. एकजण, ज्याला त्या आजारात सगळ्यांत जास्त त्रास झाला होता, तो चादर घ्यायला आला की मुद्दाम विचारायचा, आक्का, हिच्यात काही घातलं नाही ना? पहिल्यांदा सगळे हसले. दहाव्यांदाही हसले. आक्का घडी त्याच्या हातावर ठेवायच्या आणि पुढची उचलायच्या.

लेक जवळच राहायची. दर रविवारी दोन मुलांना घेऊन यायची, आणि आक्का त्या दिवशी त्यांच्यासाठी काहीतरी गोड करून ठेवायच्या. त्या घटनेनंतरचे दोन रविवार लेक आली नाही. तिसऱ्या रविवारी आली. आक्कांनी दूध दोनदा उकळून, पाव भाजून, साखर घालून वाडगे भरून ठेवले होते. मसाल्याचा कण नाही. मुलं वाडग्याकडे बघत होती, मग आईकडे. लेकीने पदराशी चाळा केला.

"आई, राग मानू नकोस," ती म्हणाली. "पोरांना मी घरूनच जेवू घालून आणलंय."

"बरं केलंस," आक्का म्हणाल्या. त्यांनी दोन्ही वाडगे उचलून मोरीत ओतले, धुतले, पालथे घातले आणि नातवांना शेजारी बसवून त्यांची नखं कापून दिली. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुणासाठी कधी स्वयंपाक केला नाही. आणखी अकरा वर्षं जगल्या. स्वतःसाठी एक बटाटा उकडायच्या, मीठ लावून खायच्या. मीठही कमीच.

आता ती चिमूट. भांडीवालीने जे पाहिलं ते खरं आहे. त्या दुपारी आक्कांनी एकट्या खारटबुवांच्या ताटात डबीतली एक चिमूट जास्त टाकली. मागे वळून पाहिलं ते खलाशी चिडवतील म्हणून. बुवांचं पोट दोन दिवस बरं नव्हतं. त्यांना काही होऊ नये म्हणून टाकली होती.